बनवणारा गेला, तरी राजपुत्र धावतो का?

नव्वदच्या दशकात, कॉम्प्युटर क्लासचे सर चहाला गेलेले बघून ज्यांनी काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स मेगाहिट’ टाइप केलं असेल, त्यांना ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ या गेममधल्या त्या पांढऱ्या कपड्यांतल्या राजपुत्राची ओळख करून द्यायला नको. साठ मिनिटांची मुदत, तळघराचे मजले, जमिनीतून सळकन वर येणारे सुळे आणि शेवटी दुष्ट वजीर जाफर. आमच्या क्लासात मशीन चार आणि मुलं चौदा. त्यामुळे एक जण खेळायचा आणि तिघं मागून ‘शिफ्ट दाब, शिफ्ट!’ म्हणून ओरडायची. ‘मेगाहिट’ हा चोरदरवाजा होता. तो उघडला की शिफ्ट आणि एल दाबून थेट पुढच्या मजल्यावर जाता यायचं. हे आम्हाला कोणी सांगितलं, देव जाणे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक क्लासात ते कोणीतरी कोणाला तरी सांगितलेलंच असायचं.

तोच राजपुत्र जानेवारी 2026 मध्ये पुन्हा बातम्यांत आला, पण वाईट कारणाने. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीने मोठी फेररचना जाहीर करताना सहा गेम रद्द केले. त्यात ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’चा रिमेक होता. रिमेक म्हणजे गेम जुनाच, गोष्टही तीच, पण आजच्या यंत्रांसाठी पायापासून नव्याने बांधलेला. आपल्याला जरा जास्त चुटपुट लागायचं कारण असं, की सप्टेंबर 2020 मध्ये हा रिमेक जाहीर झाला तेव्हा तो बनत होता पुण्यात आणि मुंबईत.

अशा वेळी हमखास एक वाक्य ऐकू येतं: ‘मूळ माणूस नसला की असंच होणार.’ मला हे वाक्य निम्मं चुकीचं वाटतं. पण ते कुठे चुकतं हे कळायला आधी तो मूळ माणूस करतो काय, हे बघावं लागेल.

मूळ माणूस नेमकं काय करतो?

आजच्या मोठ्या गेमवर शेकडो लोक तीन-चार वर्षं राबतात. चित्रं काढणारे वेगळे, कोड लिहिणारे वेगळे, आवाज, हालचाल, संगीत सगळ्यांचे कारागीर वेगळे. या सगळ्यांच्या वर एक जण बसतो, त्याला क्रिएटिव्ह डायरेक्टर म्हणतात. तो स्वतः फारसं काही बनवत नाही. शंभर चांगल्या कल्पना समोर आल्या की त्यातल्या नव्वदांना नाही म्हणणं, हे त्याचं काम.

1985 मध्ये मात्र हे सगळं एका पोराच्या डोक्यावर होतं. जॉर्डन मेकनर तेव्हा नुकताच येल विद्यापीठातून बाहेर पडला होता आणि ‘कराटेका’ नावाचा एक गाजलेला गेम त्याच्या नावावर होता. त्याने धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून एका पार्किंगच्या मोकळ्या जागेत पळायला, उड्या मारायला आणि भिंतीला लटकायला लावलं. त्याचं व्हिडिओ शूटिंग केलं आणि मग एकेक चित्र कागदासारखं गिरवून कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. या गिरवण्याला रोटोस्कोपिंग म्हणतात. तलवारबाजी त्याने 1938 सालच्या रॉबिन हूडच्या चित्रपटातल्या द्वंद्वावरून गिरवली. संगीत दिलं वडिलांनी. थोडक्यात, घरगुती उद्योग. त्याला चार वर्षं लागली आणि 1989 मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरवर गेम आला.

यातला एक प्रसंग मला फार आवडतो. काम बरंच पुढे गेलं होतं, राजपुत्र देखणा धावत होता, पण खेळ अळणी होता. लढायला कोणी नव्हतं. नवा शत्रू काढायचा तर त्याची वेगळी चित्रं हवीत, आणि कॉम्प्युटरची मेमरी तर संपत आलेली. मग मेकनरने राजपुत्राचीच चित्रं घेतली, त्यांचे ठिपके एका साध्या गणिती क्रियेने उलटेपालटे केले, आणि पडद्यावर राजपुत्राचीच एक चमचमती सावली उभी राहिली. नव्या चित्रांचा खर्च शून्य. खेळलेल्यांना आठवेल: चौथ्या मजल्यावर आपण आरशातून आरपार उडी मारतो तेव्हा ती सावली दुसऱ्या बाजूने बाहेर पडते, पुढे आपल्याच वाट्याचं औषध पिऊन पळते आणि बाराव्या मजल्यावर तलवार काढून समोर येते. तिला वार केला की रक्त आपलं जातं. उपाय एकच, तलवार म्यान करायची आणि तिच्यात मिसळून जायचं.

म्हणजे त्या गेमची सर्वांत मोठी कल्पना निघाली ती अडचणीतून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मालक आणि आचारी

समजा, नाक्यावर एक मिसळीचं हॉटेल आहे. पाटी मालकाची, जागा मालकाची, पण कट बनवतो तो आचारी. एक दिवस आचारी भांडून निघून जातो. पाटी तिथेच राहते. गिऱ्हाईकही महिनाभर सवयीने येत राहतं. मग कोणीतरी पाव मोडता मोडता म्हणतं, ‘काहीतरी बदललंय.’

गेमच्या धंद्यात त्या पाटीला आयपी म्हणतात. नाव, पात्रं, गोष्ट यांची कायदेशीर मालकी. बहुतेक वेळा ती कंपनीकडे असते, बनवणाऱ्याकडे नाही. या बाबतीत मेकनर नशीबवान किंवा शहाणा. 2001 च्या सुमारास जुन्या प्रकाशकाचे गेम युबिसॉफ्टच्या हाती आले तरी राजपुत्राचे हक्क मेकनरकडे होते, म्हणून कंपनीला त्याच्या दारात यावं लागलं. बाकी बहुतेकांच्या नशिबी हे नसतं. ते जातात तेव्हा रिकाम्या हाताने जातात.

पाटी आली, चव आली नाही

त्याआधी 1999 मध्ये ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ आला. नाव होतं, पर्शिया होता, राजकन्या होती. मेकनर फक्त सल्ल्यापुरता. गेम आपटला. कारण साधं होतं. राजपुत्र नीट धावेना. बटण दाबल्यावर तो भलतीकडे वळायचा, कड्यावरून पडायचा, आणि चूक आपली की त्याची हेच कळायचं नाही.

इथे आपलं उकडीच्या मोदकाचं उदाहरण चपखल बसतं. कृती वहीत लिहून ठेवता येते: एक वाटी पिठी, एक वाटी पाणी, चमचाभर तूप. पण कळ्या पाडताना अंगठा किती दाबायचा, पारी कुठे पातळ आणि तळाशी कुठे जाड ठेवायची, हे वहीतून येत नाही. ते आईच्या शेजारी पाट मांडून, दहा मोदक फोडून येतं. राजपुत्राची धाव ही त्या कळीसारखी. भाऊ डेव्हिड धावला, थबकला, तोल सावरला, आणि ते सगळं गिरवण्यात उतरलं. ‘पर्शिया’ आणि ‘राजकन्या’ ही नुसती वाटीभर पिठी.

2003 मध्ये युबिसॉफ्टच्या कॅनडातल्या मॉन्ट्रिऑल स्टुडिओने ‘सँड्स ऑफ टाइम’ काढला तेव्हा त्यांनी नेमकी कळी पकडली. क्रिएटिव्ह डायरेक्टर होता पात्रिस देझिले. राजपुत्र आता भिंतीवरून आडवा धावत होता, खांबावरून खांबावर झेपावत होता. आणि चुकून दरीत पडलाच, तर खेळाडू एक बटण दाबून वेळच मागे फिरवू शकत होता. वेळ फिरवण्याची ही कल्पना देझिलेच्या टीमची. मेकनरने तिला शोभेल अशी गोष्ट रचली, तो जादूचा खंजीर आणि ती काळाची वाळू. जुन्या गेममधल्या साठ मिनिटांच्या घड्याळाला हे किती नेमकं उत्तर होतं बघा. तिथे वेळ आपल्याला पळवत होती, इथे आपण वेळेला धरून मागे ओढतो. जुन्याची नक्कल नाही आणि जुन्याशी फारकतही नाही.

‘पण मूळ माणसालाच आवडलं नाही तर?’

असंही झालं. पुढच्याच वर्षी ‘वॉरियर विदिन’ आला तो मेकनरशिवाय. राजपुत्र आता चिडलेला, दाढीचे खुंट वाढलेला, कानठळ्या बसवणारं संगीत, रक्ताच्या चिळकांड्या. मेकनरने जाहीरपणे सांगितलं की त्यातली कलादृष्टी आणि हिंसा आपल्याला पटलेली नाही. विक्री मात्र चांगली झाली. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर धाव तीच होती, तितकीच सुंदर. सूर बदलला, चाल राहिली. मला स्वतःला तो गेम आवडत नाही, पण मालिका तिथे मेली असं म्हणणं खोटं ठरेल.

याहून गंमत पुढे आहे. देझिलेच्या टीमने राजपुत्राचा नवा भाग हाती घेतला, आणि त्यात नायक झाला राजपुत्राचा रक्षक, एक मारेकरी. कंपनीचं म्हणणं पडलं की राजपुत्राच्या गेममध्ये नायक राजपुत्रच हवा. मग त्याला नवं नाव मिळालं आणि 2007 मध्ये ‘असॅसिन्स क्रीड’ जन्माला आला. घराच्या छपरांवरून पळणं, भिंती चढणं, कड्याला लटकणं, सगळं राजपुत्राकडून वारशाने आलेलं. पाटी तेवढी दुसरी. देझिले 2010 मध्ये कंपनी सोडून गेला. ती मालिका अजून चालू आहे, 2025 च्या मार्चमध्ये तिचा नवा भाग आला. मूळ मालिकेपेक्षा तिची शाखा मोठी झाली, आणि शाखा लावणारा जाऊन पंधरा वर्षं झाली.

निन्टेंडोला हे कसं जमतं?

जपानच्या निन्टेंडोची ‘झेल्डा’ मालिका 1986 मध्ये शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी सुरू केली. मियामोतो कंपनीतच आहे, पण झेल्डाची सूत्रं त्याने केव्हाच एइजी आओनुमाकडे दिली. आओनुमा हा कलाशाळेत लाकडी यांत्रिक बाहुल्या बनवणारा माणूस. 1998 च्या ‘ओकारिना ऑफ टाइम’मध्ये त्याने भुयारं रचली, मग हळूहळू पूर्ण मालिका त्याच्याकडे आली. आणि 2017 चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ दिग्दर्शित केला हिदेमारो फुजिबायाशीने. हा तर आधी दुसऱ्याच कंपनीत, कॅपकॉममध्ये, निन्टेंडोच्या परवानगीने झेल्डाचे छोटे भाग बनवत होता.

हे आपल्या गाण्यातल्या घराण्यासारखं आहे. शिष्य गुरूच्या मागे बसून तंबोरा धरतो, वर्षानुवर्षं. मग एक दिवस मैफलीत गुरू मधेच थांबतो आणि तान शिष्याला घ्यायला लावतो. शिष्याचा आवाज वेगळाच असतो, पण ऐकणाऱ्याला घराणं कळतं.

‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ बनवताना त्या टीमने आधी एक कच्चा नमुना तयार केला. तो दिसायला अगदी 1986 च्या गेमसारखा, सपाट आणि चौकोनी ठिपक्यांचा. जुनं रूप परत आणायचं नव्हतं, जुना प्रश्न परत विचारायचा होता: कोणीही काही न सांगता मोकळ्या माळावर सोडलं तर खेळाडू काय करेल? झाडाला आग लावेल का? ओंडका पाण्यात ढकलेल का? मियामोतोने 1986 मध्ये हाच प्रश्न विचारला होता. वारसा म्हणून हिरवी टोपी देणं सोपं असतं, तिने काही साधत नाही. प्रश्न पुढे द्यावा लागतो. 2017 च्या गेममध्ये नायक बहुतेक वेळ ती हिरवी टोपी घालतच नाही, आणि कोणाचं काही अडलं नाही.

‘मग कोजिमाचं काय?’

हा आक्षेप सर्वांत जड आहे, म्हणून त्याला टाळत नाही. हिदेओ कोजिमाचा ‘मेटल गिअर’ 1987 मध्ये आला. त्या काळच्या यंत्राला पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या झेपत नव्हत्या, मग त्याने लढाईच्या ऐवजी लपाछपीचा गेम केला. पुन्हा अडचणीतून कल्पना, मेकनरच्या सावलीसारखीच. कोनामी कंपनीने परदेशी गिऱ्हाइकांसाठी त्याला न विचारता दुसरा भाग काढला. कोजिमाला ते कळलं ट्रेनमध्ये. त्या भागावर काम करणारा एक सहकारी भेटला आणि म्हणाला की खरा दुसरा भाग तूच कर. 1990 मध्ये त्याने तो केला, आणि आज सगळ्यांना आठवतो तो हाच.

2015 मध्ये कोजिमा आणि कोनामी वेगळे झाले. डिसेंबरमध्ये त्याने स्वतःचा स्टुडिओ काढला आणि जुने बरेच सहकारी त्याच्याबरोबर गेले. 2018 मध्ये कोनामीने मालिकेच्या नावावर ‘सर्व्हाइव्ह’ हा झॉम्बींशी, म्हणजे चालत्या प्रेतांशी, लढण्याचा गेम काढला. त्यात आपलंच दुसरं पात्र बनवून जतन करायला जादा पैसे मागितले आणि लोकांच्या शिव्या खाल्ल्या. मग ऑगस्ट 2025 मध्ये आला 2004 च्या ‘स्नेक ईटर’चा रिमेक. दिसायला अप्रतिम. पण संवाद बहुतेक 2004 सालचेच, जुन्या रेकॉर्डिंगमधून उचललेले. मास्तर निघून गेल्यावर त्यांची ध्वनिमुद्रिका उत्तम यंत्रावर वाजवावी, तसं हे. ऐकायला गोड लागतं, पण पुढची नवी चीज बसवणारं कोणी आहे का, ते यातून कळत नाही.

आक्षेप घेणारे म्हणतील, ‘बघा, कर्ता गेला आणि मालिका थिजली.’ पण थांबा. इथे एकटा कर्ता गेला नाही, त्याच्याबरोबर शेजारी पाट मांडून बसलेलेही गेले. झेल्डात कर्ता बाजूला झाला, पाट तिथेच राहिले. फरक तिथे आहे.

उलटं उदाहरणही आहे. ‘मेगा मॅन’ या गेममालिकेचा जनक म्हणून मिरवलं गेलेला केइजी इनाफुने 2010 मध्ये कॅपकॉममधून बाहेर पडला. खरं तर मूळ नायक अकिरा कितामुराच्या डोक्यातून निघाला होता, आणि हे इनाफुनेने स्वतःच सांगितलं आहे. बाहेर पडून त्याने 2013 मध्ये चाहत्यांकडून 38 लाख डॉलर गोळा केले आणि तसाच एक गेम बनवला. 2016 मध्ये तो आला आणि फसला. दोन वर्षांनी कॅपकॉमने त्याच्याशिवाय अकरावा भाग काढला, तो लोकांना आवडला. मूळ माणूस मिळाला म्हणजे मूळ चव मिळालीच, असं नाही.

पुण्यात काय घडलं?

युबिसॉफ्टचा पुण्यातला स्टुडिओ 2008 पासूनचा, मुंबईचा 2018 चा. भारतातल्या टीमकडे इतक्या गाजलेल्या गेमचा रिमेक सोपवला जाणं ही मोठी गोष्ट होती. पण 2020 चा ट्रेलर बघून लोकांनी चित्रांवर टीकेची झोड उठवली. तारीख पुढे गेली, मग बेमुदत. मे 2022 मध्ये काम मॉन्ट्रिऑलकडे गेलं.

तेव्हा आपल्याकडे काहींनी मान खाली घातली. मला ते पटत नाही. दोष पुण्यातल्या हातांचा असता तर मूळ घरी परत गेल्यावर काम मार्गी लागायला हवं होतं. ते तिथेही साडेतीन वर्षं राहिलं आणि रद्द झालं. माझा तर्क असा, की 2003 मधली ती धाव कशी जमवली, हे मॉन्ट्रिऑलच्या इमारतीला ठाऊक नव्हतं. ते ठाऊक होतं त्या वेळच्या माणसांना, आणि वीस वर्षांत माणसं पांगली होती. देझिले स्वतःच बारा वर्षांपूर्वी गेलेला. पत्ता तोच असला तरी पाट रिकामे.

मग मालिकेला धोका कशाचा?

जानेवारी 2024 मध्ये, रिमेक रखडलेला असताना, फ्रान्समधल्या मॉंपेलियेच्या स्टुडिओने ‘द लॉस्ट क्राउन’ काढला. दिग्दर्शक मुनीर रादी. नायक राजपुत्र नाहीच, सार्गोन नावाचा तरुण योद्धा आहे आणि राजपुत्राला सोडवायला निघालाय. जुन्यासारखं बाजूने दिसणारं चित्र, सुळे, कोसळणाऱ्या फरश्या, वेळेशी खेळ. फारसी भाषेत संवाद ऐकायची सोयही आहे, जी पर्शियाच्या राजपुत्राला इतकी वर्षं कोणी दिली नव्हती. समीक्षकांनी डोक्यावर घेतला. मेकनरशिवाय, देझिलेशिवाय, राजपुत्रालाही बाजूला सारून कळी नेमकी पडली होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कळलं की ती टीम मोडून माणसं दुसऱ्या कामांवर पाठवली आहेत.

माझ्या मते या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. कर्त्याचं जाणं मालिकेला पचतं, शिकलेला संच मोडणं पचत नाही. वर्षानुवर्षं बसून ज्यांच्या अंगठ्यात ते माप आलं, त्यांना नवं काही करायला मिळण्याआधीच उठवलं गेलं. पुढचा राजपुत्र ज्यांच्याकडे जाईल त्यांना पुन्हा पहिल्या मोदकापासून सुरुवात करावी लागेल.

मेकनरच्या मूळ कोडच्या फ्लॉपी बरीच वर्षं हरवलेल्या होत्या. 2012 मध्ये त्या वडिलांना घरातल्या कपाटात सापडल्या आणि मेकनरने सगळा कोड लोकांसाठी खुला केला. डॉस या जुन्या संगणक प्रणालीवरच्या आवृत्तीची उकल करून हौशी मंडळींनी तो खेळ आजच्या लॅपटॉपवरही चालता केला आहे. परवा भाचीला तो लावून दिला. तिला ‘मेगाहिट’ सांगितलं नाही. तिसऱ्याच खोलीत ती धावत सुटली, फरशी संपली, समोर सुळे. माझा हात टेबलावर आपोआप डावीकडे सरकला आणि मी ओरडलो, ‘शिफ्ट दाब, शिफ्ट!’

तिने दाबलं. राजपुत्र कड्याला लटकला.